कोरे ठेवलेले तीन रकाने

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आप्पा, उभा जन्म रक्त-लघवीत काढलात, गमतीचे किस्से ढिगानं असतील. हलकंफुलकं लिहा. दिवाळीत लोकांना रडवू नका." मी लगेच हो म्हणालो. छापून येणार म्हटल्यावर नाही कोण म्हणतं?

हलकंफुलकं आहेच. लॅब टेक्निशियनच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं मी जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुक्ताईनगरच्या बाजूला काढली. सगळा केळीचा मुलूख. तिथल्या एका बागायतदार नानांना मी साखर तपासायला सकाळी उपाशीपोटी बोलावलं होतं. आले वेळेवर, पण साखर निघाली भलतीच. "काही खाऊन आलात का?" म्हणून विचारलं तर ठामपणे नाही म्हणाले, आज उपासच आहे. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, दोन केळी, वाटीभर साबुदाणा आणि वर राजगिऱ्याचा लाडू. मी कपाळाला हात लावला. नाना उलट माझ्यावरच चिडले. "केयं खाल्ल्यानं कुठं उपास मोडते का भाऊ?" दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं.

शीर शोधण्यात मात्र माझा हात धरणारा धुळे-जळगावात कोणी नव्हता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. वॉर्डात एखाद्या म्हातारीची शीर सापडेना की डॉक्टर शिपायाला पाठवत, "आप्पांना बोलवा." नवीन लोक डोळ्यांनी शीर शोधतात. शीर शोधायची बोटाच्या टोकानं. कातडीखाली जरा लवचीक लागते, तिथं थांबायचं. सुई कधी गेली हे पेशंटला कळतसुद्धा नसे.

असे आणखी चार-सहा किस्से लिहून मी मोकळा होणार होतो. पण कागद पुढ्यात घेतला की दरवेळी दुसरीच गोष्ट समोर येऊन बसायची. ती लिहायची मला लाज वाटते. न लिहिता गप्प बसायची त्याहून जास्त वाटते, म्हणून शेवटी तीच लिहितो आहे. गावाचं नाव लिहिणार नाही. तशी अट आहे, आणि ती कोणाची ते पुढे येईलच.

आधी थोडं आजाराबद्दल. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेल नावाच्या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि माणूस हाडं दुखून तळमळतो. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, कशानंही दुखणं उसळतं. हा आईबापांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला स्वतःला बहुधा काही होत नाही. दोन्हीकडून आला तर मूल आजारी. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांत वाहक बरेच सापडतात. औषधगोळ्या, जपणूक आणि वेळेवर दवाखाना मिळाला तर अशी मुलं मोठी होतात, शिकतात, त्यांची लग्नं होतात. फक्त मूल आजारी आहे हे आधी कळायला हवं.

ते कळणं अवघड नाही. बोटातून एक थेंब रक्त घ्यायचं, एका औषधाच्या नळीत टाकायचं आणि नळी रेघा छापलेल्या कागदापुढे धरायची. मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर निर्धास्त. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची मोठी तपासणी. याला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

पंधराएक वर्षांपूर्वी मी शिरपूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका दवाखान्यात होतो. तेव्हा मोठ्या शहरातल्या एका संस्थेला आदिवासींच्या रक्ताचा आणि जनुकांचा अभ्यास करायला निधी मिळाला. त्यांना रक्त काढणारा जाणता हात हवा होता, आमच्या साहेबांनी माझं नाव दिलं. मला केवढं भारी वाटलं होतं! निधीचं गणित मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. नळ्यांना पैसे होते, गाडीला होते, बॅनरला होते, पाहुण्यांच्या जेवणालाही होते. तपासणीचं उत्तर गावात परत नेऊन सांगायला मात्र कागदावर एक ओळसुद्धा नव्हती. जितके नमुने जास्त, तितका प्रकल्प यशस्वी.

शिबिर होळीच्या आधी ठेवलं होतं. कामाला बाहेर गेलेली पावरा आदिवासी माणसं भोंगऱ्या बाजारासाठी, म्हणजे होळीआधीच्या जत्रेसाठी, गावी परततात, त्यामुळे सगळे सापडतात. शाळेच्या ओसरीत मी टेबल मांडलं. शेजारी नोंदवही. तिच्यात रकाने होते: नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, वय, कूळ, आईचं कूळ, फळी. फळी म्हणजे डोंगरउतारावर एकत्र असलेला दहा-बारा घरांचा पुंजका. एका गावाच्या चार-पाच फळ्या असतात, आणि पाच-दहा मिनिटांची चढण मध्ये असते.

रांगेत सगळ्यात पुढे गावाचा डाह्या होता. डाह्या म्हणजे गावचा कारभार पाहणारा जाणता माणूस. ही मंडळी घरात पावरी बोलतात, आमच्याशी खान्देशी. त्यानं हात पुढे केला नाही. आधी विचारलं, "भाऊ, रगत तं लई चालना तू, पन परत काय लयशी?"

"रिपोर्ट आणीन की आबा. महिन्याभरात."

"तू सोता लयशी?"

"मी स्वतः."

मग त्यानं हात पुढे केला, आणि मागची माणसं एकेक येऊ लागली.

सुमली नावाची गावची आशा कार्यकर्ती माझ्या शेजारी उभी राहून नावं सांगत होती. पंचविशीची, चुणचुणीत. सरकारी कागदावर तिथं सगळ्यांचं आडनाव पावरा. खरी ओळख कुळावरून असते, कोण डुडवे, कोण जमरे. एका कुळात लग्न होत नाही, त्यामुळे कोण कोणाचं कोण हे कूळ सांगितलं की लगेच उलगडतं. सुमली प्रत्येक नावामागे कूळ आणि फळी सांगत होती. दोन तासांनी ऊन चढलं, संस्थेचे साहेब घड्याळ पाहू लागले, आणि मी आईबापांची नावं आणि कूळ, आईचं कूळ, फळी हे तीन रकाने सोडून द्यायला लागलो. नाव, वय आणि पुढे पावरा. खाली 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिंबं, पुन्हा दोन टिंबं.

"सर, कूळ लिहा," सुमली म्हणाली. "नाहीतर कळायचं नाही. एका नावाचे किती आहेत."

"कुळाचं काय घेऊन बसलीस सुमली? रक्त सगळ्यांचं लालच आहे," मी म्हणालो. साहेब मोठ्यानं हसले. मला माझा विनोद फार आवडला. त्या दिवशी मी ठरल्यापेक्षा जास्त नमुने काढले आणि साहेबांनी गाडीत माझी पाठ थोपटली.

महिन्याभरात नाही, पावसाळा संपता संपता पाकीट आलं. मी नोंदवही उघडली आणि आकड्याला आकडा जुळवायला बसलो. आकडे जुळत होते, माणसं जुळेनात. वहीत तीन रमेश पावरा, चार सुनील पावरा. आणि दोन जयसिंग पावरा, दोघंही वय सहा. एक जयसिंग निर्धास्त, दुसरा आजारी. कोणता कोण?

यावर उपाय होता. गाडी काढून गावात जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, चूक झाली, पुन्हा रक्त द्या. पण प्रकल्पाची मुदत संपली होती, गाडी बंद झाली होती. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "आपला पेपर झाला आप्पा, आता कशाला?" ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं की मला चूक कबूल करायची नव्हती, आणि तीही आदिवासी पाड्यावर जाऊन. मी पाकीट कपाटात टाकलं आणि वर जुनी रजिस्टरं ठेवली.

सुमली दर महिन्याला मीटिंगला दवाखान्यात यायची आणि विचारायची. मी सांगायचो, "अजून आले नाहीत गं, वरूनच उशीर आहे."

त्याच सुमारास, दिवाळीनंतर, एक बाई सहा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. पोराला ताप होता, हाताची बोटं सुजली होती. चिठ्ठीवर डॉक्टरांनी फक्त मलेरिया तपासायला लिहिलं होतं. मी नाव विचारलं.

"जयसिंग," ती म्हणाली. "जयसिंग पावरा."

मला पाकिटातले दोन जयसिंग आठवले. मी पोराच्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला. पोरगं रडलं नाही, माझ्या पांढऱ्या कोटाच्या गुंडीकडे बघत होतं. बोटावर आणखी एक थेंब आला होता. सिकलसेलच्या औषधाच्या नळ्या मागच्या मांडणीवर होत्या, हात लांब केला असता तर हाताला लागल्या असत्या. पण ती नळी गढूळ झाली असती तर आई विचारणार होती, शिबिरात रक्त घेतलं होतं त्याचं काय झालं? डॉक्टर विचारणार होते. मी मनाशी म्हणालो, चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच माझं काम. आणि तो दुसरा थेंब मी कापसानं पुसून टाकला.

मलेरिया निघाला नाही. तापाच्या गोळ्या घेऊन ती बाई गेली.

जानेवारीत सुमली मीटिंगला आली. "सर, वरच्या फळीतल्या रायलीबाईचा जयसिंग गेला. थंडी लागली, हातपाय सुजले. झोळी करून खाली आणत होते, वाटेतच गेला." आणि थोडं थांबून म्हणाली, "रिपोर्ट आले का सर?"

मी म्हणालो, "नाही."

आयुष्यात खोटं कोण बोलत नाही? पण ते 'नाही' मला अजून छळतं. पुढे माझी बदली झाली. निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामं करताना पाकीट आणि वही मी पिशवीत घालून धुळ्याला घरी आणली. का आणली? कोणाच्या हाती लागू नये म्हणून. दुसरं काही उदात्त कारण मी सांगणार नाही.

गेल्या वर्षी फोन आला. "सर, सुमली बोलते. ओळखलं का?" आवाजात तीच चुणचुण. सांगायला लागली की आता एक नवा निधी आहे आणि त्याची अटच अशी की अभ्यास आदिवासींनी स्वतः चालवायचा. काय शोधायचं ते गाव ठरवणार. रक्त कुठं जाणार, किती दिवस राहणार, कधी नष्ट करायचं, तेही गावच ठरवणार. पैसे गावाच्या आरोग्य समितीकडे येतील, आणि सुमली त्या समितीची अध्यक्ष. "पहिली ओळ मी काय लिहिली माहितीये सर? उत्तर घरोघर पोचवणे. शहरातले डॉक्टर आमच्या हाताखाली येणार आता. तुम्हालाही ठेवू की, शीर शोधायला."

मी हसलो. मग ती गंभीर झाली. गावाची संमती अडली होती. रायलीबाई सभेत उभी राहिली होती आणि म्हणाली होती, पहिल्या रक्ताचं उत्तर आल्याशिवाय दुसरं रक्त देऊ नका. सगळ्या गावानं तिचं म्हणणं उचलून धरलं. तिची मुलगी, जयसिंगची बहीण, आता गरोदर होती. तपासणी तिलाच सगळ्यात आधी हवी होती, आणि नको म्हणणारी तिची आईच होती. "सर, ते जुने रिपोर्ट कुठं असतील? तुम्हाला काही माहिती?"

आतून बायकोनं विचारलं, कोणाचा फोन? मी तिला हातानंच थांब म्हटलं आणि सुमलीला म्हणालो, "पाकीट माझ्याकडे आहे. मी घेऊन येतो."

तिकडून फोन कट झाला.

त्याच शाळेच्या ओसरीत सभा भरली. डाह्या अजून होता, नजर अधू झालेली. रायलीबाई खांबाला टेकून बसली होती. पाकीट आणि वही पुढ्यात ठेवून मी उभं राहून सांगितलं की रिपोर्ट आले होते, मी दडवले, सुमलीशी खोटं बोललो. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, एका नावाची माणसं फार, कूळ लिहिलं नव्हतं, त्यामुळे कोणता रिपोर्ट कोणाचा हे कळायला मार्गच नव्हता.

डाह्या म्हणाला, "वही वाच."

सुमली नावं वाचू लागली. पाच-सहा नावं झाली आणि म्हाताऱ्यानं हात वर केला. "हाई बठ्ठी खालनी फळी शे." आणखी काही नावं गेली. "आते वरली फळी सुरू व्हयनी." शिबिराच्या दिवशी त्यानंच एकेक फळी बोलावून रांगेत उभी केली होती. माणसं फळीनं आली होती, घरानं उभी होती, नवऱ्यामागे बायको, बायकोमागे मुलं. मी कोरे ठेवलेले रकाने रांगेनं स्वतःच भरले होते, मला फक्त ते दिसत नव्हते. बायका मधूनच सांगत होत्या, हा रमेश जमऱ्यांचा, त्याच्यापुढे त्याची आत्या होती. दोन जयसिंगांपैकी एक तिथंच बसला होता, मिशी फुटलेला. तो खालच्या फळीचा निघाला.

जे अशक्य म्हणून मी पंधरा वर्षं कपाटात कोंडलं, ते त्यांनी चहा होईपर्यंत जुळवलं. मी एकदा येऊन विचारायचं होतं, तेवढंच. जमीन पोटात घेईल तर बरं असं लोक बोलतात, ते मला त्या दिवशी कळलं.

रायलीबाई आणि तिचा नवरा, दोघंही वाहक. मुलगी वाहक. जयसिंग आजारी. तिनं चारही नावं ऐकली. मग मागे बसलेल्या जावयाकडे बोट दाखवून म्हणाली, "येनं रगत लई ले. आते."

उपकेंद्रातली तपासणीची पेटी सुमलीनं आणून ठेवली होती. ती म्हणाली, "घ्या सर, हात तुमचाच चांगला." हे ती टोचून म्हणाली की खरंच, मला कळलं नाही. त्या चांगल्या हातानं जावयाला दोनदा सुई टोचावी लागली. थेंब नळीत टाकला. सगळे बघत होते. मी नळी कागदापुढे धरली आणि थांबलो. मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या. मुलगी वाहक, पण जावई नाही. होणारं बाळ या आजारानं आजारी पडणार नव्हतं.

मुलगी तोंडाला पदर लावून रडायला लागली. रायलीबाई नळीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "इतलाच वखत लागस?"

मी मान हलवली. तो थेंब कापसानं पुसला ते मात्र सांगितलं नाही. तेवढं धैर्य तेव्हाही झालं नाही.

गावानं संमती दिली. अभ्यास सुरू झाला आहे, आणि नोंदवही आता सुमलीच्या पेटीत असते. संपादकांना हे सगळं कळवलं तेव्हा ते म्हणाले, लिहा. मी समितीला विचारलं. त्यांनी दोन अटी घातल्या: गावाचं नाव यायचं नाही, आणि छापायच्या आधी वाचून दाखवायचं.

म्हणून मी पुन्हा गेलो आणि हाच लेख इथपर्यंत त्यांना वाचून दाखवला. मी एकेक वाक्य वाचायचो, सुमली ते पावरीत सांगायची. कापसाच्या ठिकाणी ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली, पुढे सांगेना. रायलीबाई म्हणाली, "सांग." सुमलीनं सांगितलं.

रायलीबाईनं मला माफ केलं असं मी लिहू शकत नाही, कारण तिनं केलं नाही, आणि मी मागितलंही नाही. ती एवढंच म्हणाली, "तू वहीमा जयसिंग पावरा लिखेल शे. तसा दोन व्हतात. मना तं एकच व्हता. आते पुरं लिख."

सुमलीनं पेटीतून ती जुनी वही काढली, मी पेन काढलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. एकही रकाना सोडला नाही.

नाव, जयसिंग. वडिलांचं नाव, दित्या. आईचं नाव, रायली. कूळ, डुडवे. आईचं कूळ, जमरे. फळी, वरची. वय, सहा.